वाचकांचे प्रश्न : अँथनी ट्रॉलपची कीर्ती आणि त्याचा जमाखर्च

मागील अंकात व्हिक्टोरियन काळातील वास्तववादी कादंबरीकार अँथनी ट्रॉलप (१८१५–१८८२) याचा परिचय प्रसिद्ध झाला. त्यावर नागपूरच्या निरनिराळ्या भागांतून बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ट्रॉलपच्या आत्मचरित्रामुळे त्याची कीर्ती बुडाली, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो आणि पुढे तेच वर्गात शिकवलेही. हे कितपत खरे आहे? (एक निवृत्त प्राध्यापिका, धरमपेठ)

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि जे अर्धे खरे नाही तेच अधिक महत्त्वाचे आहे.

ट्रॉलपने हे आत्मचरित्र १८७५-७६ मध्ये लिहिले, ३० एप्रिल १८७६ या तारखेचे पत्र जोडून ते हेन्री या आपल्या मुलाच्या स्वाधीन केले आणि आपल्या मृत्यूनंतरच ते छापावे, अशी सूचना केली. त्यानुसार ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. पहाटे साडेपाचला आपण लिहायला बसत होतो, वेळेवर उठवून कॉफी आणून देण्याबद्दल घोड्याकडच्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देत होतो, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहिण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली होती आणि आठवड्याला किती पाने झाली याची नोंद वहीत ठेवत होतो, हे सारे त्याने त्यात कोणताही संकोच न बाळगता सांगितले. प्रेरणेची वाट पाहत बसणारा लेखक त्याला तितकाच हास्यास्पद वाटे, जितका प्रेरणेची वाट पाहणारा चांभार. शेवटी त्याने प्रत्येक पुस्तकाच्या कमाईचा तक्ता दिला आणि खाली बेरीज मांडली : ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. ही प्राप्ती सुखाने राहण्यापुरती आहे, डोळे दिपवणारी नाही, असा शेराही मारला. कादंबरी ही गंभीर कला आहे, असे हेन्री जेम्ससारखे लेखक आग्रहाने मांडू लागले होते, नेमक्या त्याच वेळी ही पेन्सपर्यंतची बेरीज लोकांच्या हाती पडली. ज्यांना ट्रॉलप आधीपासूनच कारागीर वाटत होता, त्यांना त्याच्याच सहीचा दाखला मिळाला.

परंतु आपण त्याच तक्त्यातील आकडे क्रमाने वाचावेत, अशी माझी विनंती आहे. १८६० च्या दशकात 'कॅन यू फरगिव्ह हर?' या कादंबरीला ३,५२५ पौंड मिळाले, आणि 'फिनिअस फिन'ला ३,२००. १८७५ च्या 'द वे वुई लिव्ह नाऊ'ला ३,००० मिळाले; 'द प्राइम मिनिस्टर'ला २,५००; 'द अमेरिकन सेनेटर'ला १,८००; आणि तक्त्यानंतरच्या, १८८० च्या 'द ड्यूक्स चिल्ड्रन'ला केवळ १,४००. म्हणजे आत्मचरित्र छापले जाण्यापूर्वीच प्रकाशकांच्या लेखी त्याचा भाव निम्म्याहून खाली आला होता. प्रकाशक हे समीक्षकांपेक्षा थंड डोक्याचे वाचक असतात. वर्षाला दोन-दोन, कधी तीन पुस्तके बाजारात आणणाऱ्या लेखकाला वाचक कंटाळत चालले होते आणि त्याची जाणीव लेखकालाही होती. आपले खपते ते नाव की लेखन, हे पाहण्यासाठी त्याने 'नीना बालाट्का' (१८६७) आणि 'लिंडा ट्रेसेल' (१८६८) या दोन कादंबऱ्या निनावी प्रसिद्ध केल्या. त्यांना फारसे यश लाभले नाही. 'स्पेक्टेटर' या साप्ताहिकाच्या रिचर्ड हटन याने मात्र शैलीवरून लेखक ओळखला. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना स्वतःच्या नावावर असा संशय घेणारा लेखक केवळ पैशाचा विचार करत होता, असे मला तरी म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. ज्या आत्मचरित्रातील घड्याळ सर्वांना पाठ आहे, त्यातच ट्रॉलपने आपल्या शाळकरी एकटेपणाचे वर्णन केले आहे. त्याच्याशी खेळायला कोणी नसे, म्हणून तो मनात एखादी कथा रचे आणि ती आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने पुढे चालवत राही. त्या कथेचे नियम ठरलेले असत आणि अशक्य असे काहीही तीत शिरू दिले जात नसे. ही सवय नसती तर आपण कधी कादंबरी लिहिलीच नसती, असे त्याला वाटे. सकाळचे तीन तास हे हाताचे तास होते. पात्रांच्या सहवासात घालवलेले उरलेले तास त्याने कोणत्याही वहीत मांडले नाहीत. हिशेब छापला गेला तो अर्धाच, आणि पुढील पन्नास वर्षे तोच पूर्ण समजून वाचला गेला.

प्रश्न : मी डाक खात्यातून निवृत्त झालो आहे. रस्त्यावरची लाल टपालपेटी ट्रॉलपने शोधून काढली, असे आपल्या लेखात ओझरते आले आहे. खात्यातील त्याचे नेमके काम काय होते? (एक वाचक, महाल)

उत्तर : टपालपेटी त्याने शोधून काढली नाही; फ्रान्समध्ये ती आधीच होती. ब्रिटिश टपाल व्यवस्थेत ती आणावी, ही शिफारस मात्र त्याची. १८५१ साली तो चॅनेल बेटांवरील टपालाची पाहणी करत होता. मुख्य भूमीकडे जाणाऱ्या टपालबोटीची वेळ भरती-ओहोटीवर आणि हवामानावर अवलंबून असे, आणि पत्र टाकण्यासाठी रहिवाशांना पोस्टापर्यंत जावे लागे. रस्त्याच्या कडेला लोखंडी पेट्या उभ्या कराव्यात, असे त्याने वरिष्ठांना कळवले, आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये जर्सी बेटावरील सेंट हेलियर येथे पहिल्या चार पेट्या सुरू झाल्या. लाल रंगाचे श्रेय मात्र त्याला देता येत नाही. इंग्लंडमध्ये १८५९ पासून या पेट्यांना हिरवा रंग दिला जात असे. तो हिरवळीत दिसेना, म्हणून १८७४ पासून लाल रंग आला.

आपण खात्यातले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ट्रॉलप १८३४ साली लंडनच्या जनरल पोस्ट ऑफिसात वार्षिक ९० पौंडांवर कनिष्ठ कारकून म्हणून लागला. पहिली सात वर्षे कर्ज, उशिरा येणे आणि वरिष्ठांची नाराजी यांत गेली. १८४१ मध्ये आयर्लंडमधील बॅनगर या गावी जाण्यास कोणी उत्सुक नसताना त्याने ती जागा मागून घेतली आणि तेथे हा निरुपयोगी ठरलेला कारकून बदलला. पोस्टमास्तरांचे हिशेब तपासणे, तक्रारींची चौकशी करणे, घोड्यावरून खेडोपाडी फिरून टपालवाटपाचे मार्ग आखणे, ही त्याची कामे होती. पुढे इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात त्याने हेच काम दोन वर्षे केले. पत्र वाटणाऱ्या माणसाला दिवसाला सोळा मैलांहून अधिक चालावे लागू नये, असा नियम होता. त्या मर्यादेत जास्तीत जास्त घरे कशी बसवायची, हे कोडे तो प्रत्यक्ष वाट तुडवून सोडवत असे. स्वतःला मैलामागे सहा पेन्स भत्ता मिळत असल्यामुळे तो अंतरे पुरेपूर मोजत असे, हेही त्याने लपवले नाही. प्रवासभत्त्याचे बिल भरलेल्या कोणालाही यात नवल वाटू नये. याच पाहणीत सॉल्झबरीच्या कॅथीड्रलच्या परिसरात हिंडताना त्याला 'द वॉर्डन' या कादंबरीची कथा सुचली.

आपल्या देशाशी जोडलेला एक प्रसंगही येथे नोंदवण्यासारखा आहे. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी विलायतेहून हिंदुस्थानाकडे येणारे टपाल अलेक्झांड्रियाला उतरून इजिप्त ओलांडत असे आणि सुएझला पुन्हा बोटीवर चढत असे. हा टप्पा रेल्वेने पार व्हावा, यासाठी इजिप्त सरकारशी करार करायला १८५८ च्या सुरुवातीला ट्रॉलपला पाठवण्यात आले. समोरच्या अधिकाऱ्याचा आग्रह ४८ तासांचा होता; ट्रॉलप २४ तासांवर अडून बसला आणि त्याने ते मान्य करून घेतले. या मोहिमेच्या प्रवासात बोटीवर मळमळू लागले की कागद टेबलावर ठेवून तो खोलीत ओकायला धावे आणि परत येऊन वाक्य पूर्ण करी. 'डॉक्टर थॉर्न' ही कादंबरी अशी लिहून झाली. ती संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने पुढील कादंबरी आरंभली.

वरच्या पदावर दुसऱ्याची निवड झाल्याने दुखावलेल्या ट्रॉलपने १८६७ मध्ये राजीनामा दिला. तेहतीस वर्षे नोकरी करूनही, साठीपूर्वी सोडल्यामुळे, त्याला निवृत्तिवेतन मिळाले नाही. योगायोग म्हणून सांगतो, नागपूरला रेल्वे पोहोचली तीही याच वर्षी.

प्रश्न : मी राज्यसेवा परीक्षेची तयारी करत आहे. ट्रॉलप स्पर्धा परीक्षांच्या विरोधात होता, असे वाचले. का? (प्रतापनगर)

उत्तर : ब्रिटनमधील सनदी नोकऱ्या शिफारशीऐवजी परीक्षेने भराव्यात, असे सुचवणारा अहवाल १८५४ मध्ये आला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी उमेदीच्या काळात हिंदुस्थानात नोकरी केली होती आणि पुढे ते मद्रासचे गव्हर्नर झाले. ट्रॉलपने 'द थ्री क्लार्क्स' (१८५८) या कादंबरीत सर ग्रेगरी हार्डलाइन्स या नावाने त्यांचे व्यंगचित्र रंगवले. ट्रेव्हेलियन यांच्या घरी ते इतके खेळीमेळीने घेतले गेले की, त्यांची पत्नीही त्यांना सर ग्रेगरी म्हणू लागली.

विरोधाचे कारण त्याच्या स्वतःच्या भरतीत सापडते. त्याला वर्तमानपत्रातील काही ओळी उतरवून काढायला सांगण्यात आले. त्याने शाईचे डाग पाडले आणि शुद्धलेखनाच्या चुका केल्या. दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षराचा नमुना आणण्यास सांगितले. त्याने तो रात्री बसून नीट लिहून आणला, पण कोणी पाहिला नाही. गणिताची परीक्षा होणार होती, ती झालीच नाही. खरी परीक्षा असती तर आपण बाहेर राहिलो असतो आणि खाते एका चांगल्या नोकराला मुकले असते, असा त्याचा युक्तिवाद होता. तो मला पटत नाही. आईच्या ओळखीने चिकटलेला एक कारकून पुढे कर्तबगार निघाला, यावरून ओळखीची पद्धत योग्य ठरत नाही. ज्यांची ओळख नव्हती त्यांच्यापैकी किती कर्तबगार बाहेर राहिले, हे त्या हिशेबात येत नाही. आपण अभ्यास चालू ठेवावा.

प्रश्न : ट्रॉलपच्या आईविषयी लेखात एकच वाक्य होते. त्या स्वतः लेखिका होत्या ना? (रामदासपेठ)

उत्तर : होत्या, आणि मुलाच्या आधी कीर्ती त्यांनाच लाभली. पती थॉमस हे वकील. पण तापट स्वभावामुळे अशील टिकले नाहीत, शेतीत पैसा बुडाला, आणि चर्चविषयक कोश लिहिण्याचा त्यांचा संकल्प अपुराच राहिला. फ्रान्सेस ट्रॉलप १८२७ मध्ये काही मुलांसह अमेरिकेला गेल्या. सिनसिनाटी येथे त्यांनी काढलेली बाजारपेठ बुडाली, पण त्या अनुभवावर लिहिलेले प्रवासवर्णन १८३२ मध्ये गाजले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १८३४ मध्ये सावकारांच्या तगाद्यामुळे कुटुंबाला बेल्जियममधील ब्रूझ येथे पळावे लागले. वडिलांना बोटीपर्यंत गाडीतून पोहोचवण्याचे काम एकोणीस वर्षांच्या अँथनीने केले. ब्रूझच्या घरात एक मुलगा क्षयाने, तर पती दुखण्याने अंथरुणाला खिळलेले असताना, ही बाई दिवसा शुश्रूषा करी आणि रात्री कादंबरी लिहून घर चालवी. औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत एकाच घरात शेजारी शेजारी असत, असे मुलाने लिहिले आहे. पहाटे उठून लिहिण्याची, आणि लेखनाला पोटाचा व्यवसाय मानण्याची रीत अँथनीने याच घरात पाहिली. तिच्याविषयी त्याने आत्मचरित्रात लिहिताना प्रेम आणि टीका दोन्ही मोकळेपणाने केली, ही माझ्या मते त्या पुस्तकातील सर्वांत उत्तम पाने आहेत.

प्रश्न : ट्रॉलपने हिंदुस्थानाविषयी काही लिहिले आहे काय? (सदर)

उत्तर : सविस्तर नाही. 'द युस्टेस डायमंड्स' (१८७३) या कादंबरीत मायगॉबचा सवाब नावाच्या एका काल्पनिक संस्थानिकाची तक्रार पार्लमेंटपुढे येते. त्याचे काय झाले याच्याशी कोणाला कर्तव्य नसते; एका तरुण सभासदाला इंडिया ऑफिसातील कनिष्ठ मंत्री लॉर्ड फॉन याच्यावर तोंडसुख घेण्याची संधी मात्र मिळते. पार्लमेंटची ही बेफिकिरी ट्रॉलपने अचूक टिपली आहे. मात्र त्या संस्थानिकाचे नावच त्याने विनोदासाठी घडवले, आणि भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झालेल्या या शहरात बसून वाचताना तो विनोद पचनी पडत नाही.

प्रश्न : पात्राला लोकांच्या सांगण्यावरून मारून टाकणारा आणि मध्येच वाचकाशी बोलू लागणारा लेखक वास्तववादी कसा? आपले हरिभाऊ आपटे यांना वास्तववादी म्हणतात, ते पटते. (एक वाचनवर्ग, सीताबर्डी)

उत्तर : आपला आक्षेप नवा नाही, तो हेन्री जेम्सने घेतला होता. 'बारचेस्टर टॉवर्स'मध्ये (१८५७) ट्रॉलप मध्येच थांबून सांगतो की, विधवा नायिका एलिनॉर हिचे लग्न मिस्टर स्लोपशीही होणार नाही आणि बर्टी स्टॅनहोपशीही होणार नाही, तेव्हा वाचकाने काळजी करू नये. ही सारी बनावट कथा आहे, असे लेखकाने स्वतःच सांगणे म्हणजे आत्मघात, असे जेम्सचे मत होते. मला ते ट्रॉलपच्या प्रामाणिकपणाचेच अंग वाटते. 'पुढे काय होणार' ही उत्सुकता काढून घेतल्यावर 'माणसे अशी का वागतात' एवढेच उरते, आणि त्याला तेच दाखवायचे असते.

लोकांच्या सांगण्यावरून मारलेल्या मिसेस प्राउडीची गोष्ट खरी आहे. बिशपची ही दांडगी पत्नी अनेक कादंबऱ्यांत पुनःपुन्हा येते. लंडनच्या अथेनियम क्लबमध्ये दोन पाद्री तिला कंटाळल्याचे बोलत असलेले ट्रॉलपने ऐकले, उठून आपली ओळख दिली आणि आठवडा संपण्याआधी तिला मारण्याचे वचन दिले. 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बारसेट'मध्ये (१८६७) त्याने ते पाळले. पण ते प्रकरण वाचून पाहावे. नवऱ्याला चारचौघांत अपमानित केल्यानंतर, त्याने आपल्याला घालवून दिले नाही तरी आता तो आपला राहिला नाही, हे तिला कळून चुकते. ती मरते ती त्यानंतर. मारण्याचे निमित्त बाहेरून आले, मरणाचे कारण मात्र तिच्या स्वभावातून आले. पुढे आपल्याला तिची चुटपुट लागून राहिली, असे ट्रॉलपने कबूल केले आहे.

जेम्सनेच पुढे ट्रॉलपच्या मृत्यूनंतरच्या लेखात नेहमीच्या, रोजच्या गोष्टींची पुरती जाण हा त्याचा मोठा गुण मानला. याच जेम्सने तरुणपणी त्याच्या कादंबऱ्यांवर अतिशय कठोर परीक्षणे लिहिली होती, आणि १८७५ मध्ये एकाच बोटीने अटलांटिक ओलांडताना रोज सकाळी खोलीत लिहीत बसलेला ट्रॉलप पाहिला होता. प्लँटाजेनेट पॅलिसर आणि त्याची पत्नी लेडी ग्लेनकोरा ही जोडी ट्रॉलपने पंधराएक वर्षे लिहिलेल्या सहा कादंबऱ्यांतून वाचकांसमोर वाढवली. त्यांचे राग, तडजोडी आणि वय यांत एक दिवसही चुकल्यासारखा वाटत नाही. हरिभाऊंशी तुलना करताना एक फरक ध्यानात घ्यावा. १८९० साली 'करमणूक' सुरू करणाऱ्या हरिभाऊंना समाज बदलायचा होता आणि त्यांच्या वास्तववादात त्याची आच आहे. ट्रॉलपला आपला समाज बराचसा आवडत होता. ही त्याची मर्यादा आहे, हे मान्य करायला हवे.

प्रश्न : 'द वे वुई लिव्ह नाऊ' ही कादंबरी शेअर बाजारावर आहे काय? (एक व्यापारी, इतवारी)

उत्तर : शेअर बाजार तिच्या केंद्रस्थानी आहे. ऑगस्टस मेलमॉट हा पूर्वेतिहास ठाऊक नसलेला धनाढ्य लंडनमध्ये येतो आणि अमेरिका ते मेक्सिको अशा एका रेल्वेचे शेअर विकतो. रेल्वे बांधली जाणार की नाही, याची संचालकांपैकी कोणालाच फिकीर नसते. शेअरचा भाव चढला म्हणजे झाले. खानदानी घराणी त्याला नावे ठेवतात आणि त्याच्या मेजवानीची निमंत्रणे मिळवण्यासाठी धडपडतात. शेवटी तो विष घेतो. समकालीन समीक्षकांना ही कादंबरी फार कडवट वाटली. आज अनेक जाणकार तिलाच त्याची सर्वश्रेष्ठ कृती मानतात. ज्या लेखकावर पैशाचा लोभी म्हणून टीका झाली, त्यानेच पैशापुढे शहाणी माणसे कशी वाकतात याचे इतके निर्दय चित्र काढले, हे आपण व्यापारी या नात्याने अधिक बारकाईने वाचाल.

प्रश्न : सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी? सत्तेचाळीस कादंबऱ्या वाचणे शक्य नाही. (अनेक वाचक)

उत्तर : 'द वॉर्डन' (१८५५) ही छोटी आहे. वृद्धांच्या एका धर्मादाय निवासाचे उत्पन्न त्याच्या पाद्री व्यवस्थापकाने घ्यावे का, एवढाच तिचा विषय. आणि त्यात तक्रार करणारा, वर्तमानपत्र व स्वतः पाद्री या सर्वांचे थोडे थोडे बरोबर असते. पहिल्या वर्षी या पुस्तकाने लेखकाला नऊ पौंड आठ शिलिंग आठ पेन्स मिळवून दिले. त्यानंतर 'बारचेस्टर टॉवर्स' आपोआप हातात येईल. १९२७ मध्ये मायकेल सॅडलिअरच्या ट्रॉलपवरील ग्रंथाने ट्रॉलपकडे पुन्हा लक्ष वेधले गेले, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाखालील लंडनमध्ये तो मोठ्या प्रमाणावर वाचला गेला, आणि १९९३ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याचे स्मारक बसले. त्यामुळे त्याच्या प्रमुख कादंबऱ्यांच्या स्वस्त आवृत्त्या आज सहज मिळतात. 'द ड्यूक्स चिल्ड्रन' घेणार असाल, तर २०१५ नंतरची संपूर्ण संहिता घ्यावी. जुन्या आवृत्त्यांत सुमारे ६५,००० शब्द कमी आहेत. ते प्रकाशकाच्या आग्रहावरून ट्रॉलपने स्वतः एकेक करून गाळले होते.